ऊर्फ

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा गंमत वाटली, आता आठ महिने झाले, सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात आणि ऑफिसात, माहेरी, मैत्रिणींत जुनंच चालू आहे. मिस्टर म्हणतात नाव म्हणजे नुसतं लेबल, बरणी बदलली म्हणून लोणचं बदलत नाही. आणि तुम्ही विचारताय की मग घरात एक बाई आणि ऑफिसात दुसरी असं का वाटतंय, आणि आधारवर नाव बदलून टाकू का नको.

आधी माझं सांगतो म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी वकील नाही, मनाचा डॉक्टर तर अजिबात नाही. तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसतो, सव्वीस वर्षं झाली, पहिली दहा टाइपरायटरवर आणि आता लॅपटॉपवर. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, राजपत्रात नाव बदलायची कामं, हाच धंदा. नाव बदलणारी माणसं इतकी बघितली की कोण पुढे खुश राहणार आणि कोण दोन वर्षांनी परत जुनं नाव लावायला येणार हे आता अर्ज लिहिताना थोडं थोडं कळतं. इथे कुणाचं नाव मात्र सांगणार नाही, नावाचा धंदा करून नावंच फोडली तर गिऱ्हाईक कशाला येईल.

तर लोणच्याचं. मिस्टरांना एवढंच सांगा की लोणच्याला कुणी हाक मारत नाही. हाक मारली की माणूस वळतो, आणि कोणत्या हाकेला कोण म्हणून वळायचं हे त्याला लहानपणापासून लागलेलं असतं. बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करते, पोरीबाळी तिच्या पाठीत धपाटे घालतात, ते नाव काही बाळाने मागितलेलं नसतं. नाव असतं आपलं पण वापरतात सगळे दुसरेच, आपण स्वतःला कुठे रोज हाक मारतो. म्हणून नाव बदलणं म्हणजे खरं तर दुसऱ्यांची तोंडं बदलणं असतं. तुमच्या सासरची तोंडं एका दिवसात बदलली, माहेरची आणि ऑफिसातली बदललीच नाहीत, आणि तुम्ही मध्ये उभ्या आहात. वाटणारच की.

कायद्याचं पटकन सांगून टाकतो कारण त्यात फार काही नाही. लग्न झालं म्हणून बाईने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, पासपोर्टलासुद्धा नाही. कुणी ऑफिसातला बाबू बदलावंच लागतं म्हणाला तर कोणता नियम ते लेखी द्या म्हणा, गप्प बसेल. बदलायचंच असेल तर नुसतं आडनाव लग्नाच्या दाखल्यावर बहुतेक ठिकाणी होऊन जातं, पण पहिलं नावच बदललं की महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन, संकीर्ण सूचना व जाहिराती. तिथे छापून आलं की झालं, आणि गंमत अशी की त्याच राजपत्रात वर लिहिलेलं असतं की ह्या सूचनांच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. म्हणजे सरकार म्हणतंय आम्ही फक्त छापतो, तुम्ही कोण ते तुमचं तुम्ही बघा. मला हे वाक्य फार आवडतं. आणि एक लक्षात ठेवा, आधारवर नाव आयुष्यात सहसा दोनदाच बदलता येतं, त्यामुळे बदलून बघू नाही जमलं तर परत करू असं असेल तर दोन्ही संधी त्यातच संपतात.

आता एका आजींचं सांगतो. सत्तरीच्या पुढच्या. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला, त्यानंतर माझ्या टेबलावर एक प्रकारचं प्रतिज्ञापत्र खूप वाढलं (त्यातली बरीचशी पुढे हक्कसोडपत्रावर सही करायला जातात, ते वेगळंच दुखणं आहे, त्यात शिरत नाही). तर होतं काय, सातबाऱ्यावर किंवा जुन्या फेरफारात बाईचं माहेरचं नाव असतं आणि आधार, रेशनकार्ड, बँक सगळीकडे सासरचं. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा वेगळं. तलाठी म्हणतो ही बाई ती बाई कशावरून. मग आम्ही प्रतिज्ञापत्र करतो की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः आहे. ठरलेला मजकूर आहे, माझ्या लॅपटॉपमध्ये तयारच असतो, फक्त नावं भरायची. ह्या आजींचं पण तसंच भरलं आणि सही घ्यायच्या आधी वाचून दाखवलं, कारण न वाचता कुणाचा अंगठा मी घेत नाही.

वाचून झालं. आजी म्हणाल्या, पहिलं नाव परत वाच. वाचलं. परत एकदा वाच म्हणाल्या. मला वाटलं काही चुकलं, काना-मात्रा राहिली असेल. तर म्हणाल्या, बरोबर आहे रे, पंचावन्न वर्षं दुसऱ्याच नावावर गेली, ह्या नावाने हाक मारणारा शेवटचा तो भाऊ होता. म्हणजे ज्या भावाच्या मागे वारसनोंद करायला त्या आल्या होत्या तोच. तो गेला आणि त्या नावाने हाक मारणारं तोंडच संपलं, उरलं ते फेरफारात आणि आता माझ्या प्रतिज्ञापत्रात. मग त्यांनी अंगठा दिला. त्यांचा नातू शेजारी मोबाइलमध्ये होता, त्याला हे काही कळलं नाही, आजीचं दुसरं नाव होतं हेच त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

त्या दिवसापासून तो ठरलेला मजकूर टाइप करताना मला जरा अडखळायला होतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे कागदापुरतं खरं आहे. पण ज्या पोरीला त्या पहिल्या नावाने हाक मारत होते ती विहिरीत उड्या मारत असेल, आणि दुसऱ्या नावाची बाई डोक्यावरचा पदर ढळू न देता पंचावन्न वर्षं राबली. तुम्ही जे दोन बायांचं म्हणता ना ते वेड नाही, आपल्याकडच्या लाखो बायका असं जगून गेल्यात, फक्त त्यांना विचारायला कुणी जागा दिली नाही.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस एकाच बाजूने बोलतोय. रमाबाई रानडे तुम्हाला माहीतच असतील, पुण्याचं सेवासदन वगैरे. आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी, 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टरीची पदवी घेतलेल्या. ह्या दोघींचं जन्माचं नाव एकच होतं, यमुना. एक 1862 मध्ये देवराष्ट्र्यात जन्मलेली यमुना, दुसरी 1865 मध्ये कल्याणला जन्मलेली यमुना. एकीचं लग्न अकराव्या वर्षी, दुसरीचं नवव्या वर्षी, आणि दोघींना नवं नाव मिळालं ते लग्नात. त्या वयात कोण विचारणार बाळ तुला आवडलं का म्हणून. पण आज आपण त्यांना ज्या नावाने ओळखतो ते सासरचंच नाव आहे आणि ते त्यांचं नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. दिलेलं नाव होतं, त्यांनी ते जगून स्वतःचं करून घेतलं. म्हणजे नाव बदललं की माणूस पुसला जातो असं सरसकट म्हणता येत नाही, नाव हे भांडं असेल तर त्यात काय भरायचं ते बऱ्याच अंशी आपल्या हातात राहतं. फक्त दोघींची यमुना कुठे गेली हे मात्र मला कधी कधी वाटतं. असो.

आडनावाचं तर त्याहून सोपं आहे. सासूबाई म्हणत असतील आमच्या घराण्याचं आडनाव लाव, सगळ्याच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण घराण्याचं आडनाव म्हणजे काय दगडावरची रेघ नव्हे. पेशव्यांचं मूळ आडनाव भट, श्रीवर्धनचे. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं आणि हुद्दाच आडनाव होऊन बसला. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळ साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यामुळे लोक फुले म्हणायला लागले आणि तेच राहिलं. बाबासाहेबांच्या घरचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून पुढे आंबेडकर. कुलकर्णी, देशमुख, चिटणीस हे हुद्दे होते, आणि आपल्याकडचे बहुतेक -कर हे कुठल्या तरी गावाहून उठून दुसरीकडे गेलेले लोक, कारण गावातल्या गावात कुणाला गावाच्या नावाने ओळखत नाहीत, बाहेर गेल्यावरच तो सातारकर होतो. म्हणजे आडनाव बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ओळख पटावी म्हणून चिकटवलेलं असतं आणि रजिस्टरात रकाना आला तेव्हा ते पक्कं झालं. माझं स्वतःचं आडनाव दोन पिढ्यांपूर्वी वेगळं होतं, आजोबांच्या मास्तरांनी शाळेत घालताना काहीतरी ऐकलं आणि काहीतरी लिहिलं. आम्ही आता त्याच चुकीच्या आडनावाचा अभिमान बाळगतो.

पण आडनाव हलकं नाही हे पण माझ्याच टेबलावर कळतं. दर महिन्याला एखादा तरी येतो ज्याला आडनावाऐवजी गावाचं -कर लावायचंय. कारण विचारलं तर कुणी सांगत नाही, मीही आता विचारत नाही. शहरात खोली बघायला गेलं की घरमालक आधी नाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग म्हणतो खोली कालच गेली. तो पोरगा काय स्वतःला विसरायला आलेला नसतो, त्याला फक्त पहिल्या पाच मिनिटांत माणूस म्हणून बघितलं जायला हवं असतं. त्याउलट काही जण जाणूनबुजून आडनाव सोडतात, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, किंवा मध्ये आईचं. दोघांचा अर्ज मी सारखाच लिहितो, फी सारखीच घेतो, पण पहिल्याचा लिहिताना राग येतो, त्याच्यावर नाही, त्या घरमालकावर.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने ठरवलं की वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची, त्याऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलं केलं, फार आधी करायला पाहिजे होतं. माझ्याकडच्या अर्जांत पत्ते बदलायला लागले. आता खरं सांगायचं तर रिक्षावाल्याला नवं नाव सांगितलं की तो म्हणतो म्हणजे ते का, आणि जुनं नाव घेतो. जुनी तोंडं बदलायला एक पिढी जाते. पण जी पोरं आता शाळेत जातात त्यांच्या दाखल्यावर नवाच पत्ता आहे, त्यांना मोठेपणी पत्ता सांगताना आवाज खाली करावा लागणार नाही, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीच हे सगळं करायचं असतं.

ह्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण माहितीये ना, नकुशी. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली की नाव ठेवायचं नकुशी, नकोशी. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा 285 मुली शोधून त्यांना नवी नावं दिली, कार्यक्रम घेऊन, प्रमाणपत्रं देऊन. माझ्या ओळखीच्या एका मास्तरांचं म्हणणं होतं की कागद बदलला तरी घरात हाक तीच राहणार. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. विचार करा, शाळेत हजेरी घेताना रोज सकाळी सगळ्या वर्गासमोर नकोशी असं कुणी ओरडतंय आणि पोरगी हजर म्हणतेय. नकोशी, हजर. वर्षाचे दोनशेच्या वर दिवस, दहा वर्षं. घरातली हाक नाही बदलली तरी ही तरी थांबली.

आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी पण नावं होती, पण ती वेगळी, तिथे आधीची मुलं दगावलेली असायची म्हणून दृष्ट लागू नये, काळाने बघून न बघितल्यासारखं करावं म्हणून आईने काळीज घट्ट करून ठेवलेलं नाव असायचं ते. दगडू म्हणजे टाकाऊ नव्हे, दगडासारखा टिक रे बाबा. बाहेरच्याला दोन्ही नावं सारखीच ओबडधोबड वाटतील, पण एकात हवासा आहे आणि एकात नकोशी. म्हणून नुसता शब्दाचा अर्थ बघून भागत नाही, कुणी कशासाठी ठेवलं ते बघावं लागतं. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं ह्यात एका टिंबाचा फरक आहे, आपल्या पूर्वजांना सगळं कळत होतं.

नावं ठेवण्यावरून आठवलं, मी स्वतः शाळेत ड तुकडीत होतो. अ तुकडी हुशारांची, ड म्हणजे ढ. पाचवीत कुणीतरी मार्कांची यादी बघून चार ढीग केले आणि पुढची सहा वर्षं आम्ही त्याच ढिगात. गणिताचे सर अ तुकडीत दोन-दोन पद्धतींनी गणित सोडवायचे आणि आमच्यात आले की फळ्यावर उत्तर लिहून द्यायचे, तुम्हाला काय करायचंय म्हणायचे. कुणी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत, मारलंही इतरांपेक्षा जास्त नाही, फक्त अपेक्षा काढून घेतली. आणि आम्ही पण तसेच वागायला लागलो, अभ्यास करणारा आमच्यात चेष्टेचा विषय व्हायचा, ए अ तुकडी म्हणून त्याला चिडवायचे. मी हिशोबात बरा आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं, स्टॅम्पपेपरचा हिशोब ठेवायला लागल्यावर. कागद बघूनच आपल्यात काय आहे ते ठरवायची सवय लागते, मग वेगळा कागद हातात येईपर्यंत शोधायचं सुचत नाही.

बायकांच्या बाबतीत तर नावाच्या आधीच लेबल लागतं. लग्नपत्रिकेत चि. सौ. कां., मग सौ., आणि नवरा गेला की दुसऱ्या दिवसापासून श्रीमती. पुरुषाला जन्मभर एक श्री. पुरतो. अर्ज लिहिताना मी पूर्वी सवयीने सौ. का श्रीमती असं विचारायचो. एकदा एक बाई, नवरा जाऊन पंधरा दिवस झाले होते, पेन्शनचा अर्ज होता, मी तोंड वर न करता विचारलं आणि त्या गप्प. मला वाटलं ऐकू आलं नाही म्हणून परत विचारलं. त्यानंतर मी विचारणं बंद केलं, नुसतं नाव लिहितो, आजपर्यंत एकही अर्ज त्यामुळे परत आलेला नाही. 2023 मध्ये मंत्रालयातून विधवांना गंगा भागीरथी म्हणावं असा प्रस्ताव निघाला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. मान द्यायचा म्हणून असेल पण शेवटी काय, नवरा जिवंत आहे की नाही हे बाईच्या नावावरून रस्त्यावरच्या माणसाला कळलं पाहिजे हाच आग्रह. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, मला ते काम जास्त भारी वाटतं, तिथे शब्द न बदलता वागणं बदलायला घेतलं.

आता स्वतःहून नाव बदलणाऱ्यांचं. त्यांच्यात दोन जाती. एक न्यूमरॉलॉजीवाले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ए टाकायचाय, एक आय काढून दोन ई घालायचेत, ज्योतिषाने सांगितलंय. मराठीत नाव तेच राहतं, आईला फरक कळत नाही, फक्त बँकेत भांडणं सुरू होतात. मी फी घेतो पण सांगतो की बाबा पॅन आणि आधारचं स्पेलिंग जुळलं नाही की तुझे ग्रह काही करू शकणार नाहीत. ऐकत नाहीत. 

दुसरे लोक म्हणजे ज्यांचं नाव आधीच बदललेलं असतं आणि फक्त कागद मागे राहिलेला असतो. एक ताई आल्या होत्या, तृतीयपंथी. 2019 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडचं ओळखपत्र मिळवलं होतं, आता राजपत्राचं काम होतं. दहा-बारा वर्षं त्यांची माणसं त्यांना त्याच नावाने हाक मारत होती. राजपत्राची प्रिंट हातात दिली तेव्हा मला वाटलं रडतील वगैरे, आपल्याला सिनेमा बघून सवय असते. त्यांनी नीट वाचली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, मला माहीत होतंच हो, आता बँकेला कळेल. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या एका प्रकरणात म्हटलंय की नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि ते स्वतः ठरवणं हा त्याच्या हक्काचा भाग आहे. कोर्टाने मोठ्या निकालात लिहिलं ते ह्या ताई पर्स बंद करता करता बोलून गेल्या.

आणि आता तुमच्या कामाचं, कारण ह्या ताईंकडेच मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. सही. नाव बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक कोरा कागद देतो आणि म्हणतो नवीन नावाची सही दहा वेळा करा, बँकेत जुळायला पाहिजे म्हणून. ते कारण खरंच आहे, पण मी बघत असतो वेगळंच. ज्यांना नाव खरंच हवं असतं त्यांची सही आधीच बसलेली असते, वहीच्या मागच्या पानावर, पावतीच्या मागे, कधीपासून करून ठेवलेली असते. त्या ताईंची दहाच्या दहा एकसारखी, झोकदार, खाली रेघ. आणि ज्यांना कुणीतरी पाठवलेलं असतं, सासरे बाहेर गाडीत बसलेले असतात, त्यांची सही तिसऱ्या-चौथ्याला मोडते. अक्षर शाळेतल्यासारखं सुटं होतं. एकीने तर नवीन नावाखाली झरकन जुनीच सही केली आणि स्वतःच दचकली. तिला मी म्हटलं आज सर्व्हर डाउन आहे, पुढच्या आठवड्यात या. सर्व्हर चालू होता. ती परत आली नाही, आणि मला वाटतं बरं झालं.

तर तुम्ही काय करायचं. माझं मत विचारलंत म्हणून देतो. कागद आत्ता हलवू नका. घरातली हाक आणि कागदावरचं नाव ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची गाठ मारताय. सासूबाईंनी प्रेमाने नाव ठेवलं असेल तर घरात ते राहू दे, आपल्याकडे तसंही एका माणसाला चार नावं असतात, पत्रिकेतलं, शाळेतलं, घरातलं सोन्या-बंडू, आणि गल्लीतलं जे इथे लिहिता येणार नाही. पण ते प्रेमाने ठेवलंय का जुनं पुसायला ठेवलंय हे ओळखायची एक युक्ती सांगतो. जेवताना सहज म्हणा, आई, मला अधूनमधून माझ्या जुन्या नावाने पण हाक मारा ना. हसून मारली तर नाव जास्तीचं मिळालंय तुम्हाला, आनंदाने घ्या. आणि चेहरा बदलला तर मग प्रश्न नावाचा नाहीच आहे, तो वेगळा आहे आणि तो आधारवर सुटणार नाही. मिस्टरांनी एकट्यात असताना कोणत्या नावाने हाक मारावी हे मात्र तुम्हीच सांगा, त्यात सासूबाईंचा संबंध नाही.

कागद न हलवायचं अजून एक कारण आहे, फार लोकांच्या लक्षात येत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात असं लिहायचं ठरलंय, बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव बाळाच्या नावातच आलं. आता उद्या तुम्हाला मूल झालं तर त्यात तुमचं कोणतं नाव जाणार? जे कागदावर असेल ते. ते त्याच्या जन्मदाखल्यात, शाळेत, दहावीच्या मार्कलिस्टीवर, मरेपर्यंत. माझ्याकडे एक जोडपं ह्यावरूनच आलं होतं, तिचं आधारवर माहेरचं नाव, हॉस्पिटलात नवऱ्याने सांगितलं सासरचं, बाळ तीन महिन्यांचं आणि त्याच्या नावात अशी आई जिचा एकही कागद नाही. दुरुस्ती झाली, पण किती हेलपाटे. आणि तुमची स्वतःची दहावी, डिग्री हे तर जुन्याच नावाचं राहणार, ते सहसा कुणी सहज बदलून देत नाही, मग आयुष्यभर राजपत्राची झेरॉक्स शेपटीसारखी मागे लावत फिरायचं.

आणि काही वर्षांनी वाटलंच की नवं नाव आपलं झालंय तर तेव्हा बदला, किंवा बदलू नका, जुन्या कागदांत एक शब्द असायचा, ऊर्फ. अमुक ऊर्फ तमुक. सातबाऱ्यावर अजून दिसतो. मला तो आमच्या एकच व्यक्तीवाल्या मजकुरापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, त्यात कुणाला पुसायचं नसतं, दोन्ही हाकांना ओ देणारी बाई आहे एवढंच तो सांगतो. प्रॉपर्टीच्या कागदात लग्नाआधीचं नाव नोंदवायची मुभा त्याच 2024 च्या निर्णयात दिली आहे, तेव्हा जमीन-फ्लॅट काही घेतलात तर लक्षात ठेवा, त्या आजींसारखं पंचावन्न वर्षांनी सिद्ध करत बसावं लागू नये.

आज रात्री एक करा. कोरा कागद घ्या, नवीन नावाची सही दहा वेळा करा, घाईत, विचार न करता, आणि कितव्याला हात अडतो ते बघा. मग तसाच एक कागद मिस्टरांना द्या, त्यांच्या नावापुढे तुमचं माहेरचं आडनाव लावून दहा सह्या करायला सांगा. लोणच्याचं मग त्यांच्याशी बोला.